दाराला पाठ

नंदू तांडेलचा पाय घरात ठरत नव्हता. सिंगापुरातल्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये बाल्कनी ते स्वयंपाकघर अशा येरझारा, आणि दोन बोटं सदानकदा मनगटावर. ठोका चुकला की जागीच थबकायचा. २०१५चा सप्टेंबर तो. सुमात्र्यात पेटलेल्या रानांच्या धुरामुळे खिडक्या लावून घेतलेल्या, म्हणून जीव आणखीच कोंडलेला.

मालवणचा हा गडी बोटीवर चीफ इंजिनियर. गेल्या आठवड्यात छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली. आता बोट गोदीतून निघणार होती आणि ती दुसऱ्याच्या हाती द्यायला हा तयार नव्हता.

"नळी मोकळी झाली मां? मग इंजिन चालू," हेच पालुपद. आज तर बॅग भरून दारात ठेवलीन.

डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं. उपाशी पडलेल्या स्नायूत रक्त एकदम परतलं, की त्यातल्याच प्राणवायूपासून जहाल कण तयार होतात आणि पेशींना भाजून काढतात. नळी उघडली नसती तर सगळंच गेलं असतं. पण त्याने आलेली सूज उतरण्याआधी जोर केला, तर हृदय कायमचं अधू व्हायचं. नंदूला ते पटेना. ज्याच्यावर माणूस जगतो, तो प्राणवायू जाळील कसा?

त्याच्या बायकोने, विद्याने, भाकरी थापता थापता विचारलं, "तुमच्या बोटीर आग लागलली, तेवा इंजिनरूमच्या दाराक पाठ लावन कित्याक बसलात?"

ही गोष्ट गणपतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेली. नंदूने सवयीने सुरू केलं, "कॅप्टनाक दार उघडूची घाय. भायरली हवा आत गेली तर दबलली आग परत..." आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

मग कुरकुरला, की तिथे दार उघडायचं नव्हतं, इथे उघडावंच लागलं, एकच कसं?

"उघडला ता बरा झाला. आता आतली धग निवांदे," विद्या म्हणाली. "त्या कॅप्टनाक तुमी गाढव म्हणतास."

नंदूने दारातली बॅग आत ओढली. मग ऑफिसला फोन लावून, दुसरा इंजिनियर धाडा म्हणून सांगितलंन. खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसला. ठोका चुकला. उठावंसं वाटलं.

उठला नाही.