चंपाकाकीची वाटेची गोळी

आमच्या वाडीतल्या पोरांना गाडी लागते. लांज्याहून एसटीत बसायचं म्हटलं की निम्म्यांची तोंडं आधीच पांढरी पडतात, उरलेल्यांची पहिल्या वळणाला. यावर उपाय एकच होता, आणि तो चंपाकाकीच्या ओटीवरच्या फळीवर, स्टीलच्या डबीत असायचा. प्रवासाच्या दिवशी आया पोरांना घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या. काकी पोराला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, नखाने गोळी मोडायची, गुळाच्या खड्यात दाबायची आणि तोंडात टाकायची. किरकोळ पोराला पाव, अंगाने भरलेल्याला अर्धी. वजनकाटा म्हणजे तिचे डोळे.

"माझ्या हातची गोळी खाऊन कोण ओकला आसंल तर पुढं यावा," असं ती म्हणायची. येणार कोण? बहुतेक पोरं थेट पनवेलला जागी व्हायची, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. मी तिची शेजारीण. काजूच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच बाकावर बसतो आणि दिवसातून एकदा तरी भांडतो. काकी फटकळ खरी, पण कोणाचं पोर आजारी पडलं तर पहिली धावणारी तीच. त्यामुळे तिचं काही चुकत असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?

मे महिन्यात काकीच्या भाचीचं, श्रद्धाचं, सावर्ड्याला लग्न होतं. काकीचा मुलगा अमरदीप मुंबईहून आला होता, सोबत बायको करुणा आणि चार वर्षांची सानवी. वाडीने भाड्याची गाडी ठरवली. निघायच्या सकाळी घरात नुसती पळापळ. करुणाने मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं उलटीचं औषध टोपणाने मोजून सानवीला पाजलं आणि ती साडी नेसायला आत गेली. इकडे काकीला नात दिसली, तिने डबी काढून नेहमीसारखा तुकडा भरवला. काकी मागच्या दारी वळली, तोवर तिचे यजमान सहदेवकाका ओटीवर आले. बायको आज लगीनघाईत विसरली असणार, असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि आपल्या हाताने आणखी एक तुकडा दिला. गूळ मिळतोय म्हटल्यावर सानवी कशाला बोलेल? पोराला वाटेला लावताना वडीलधाऱ्यांनी हाताने काहीतरी भरवायचं, ही आमच्याकडची रीत. आधी कोणी भरवलंय का, हे विचारायची रीत मात्र नव्हती.

हातखंबा मागे पडला तोवर सानवी आईच्या मांडीवर गाढ झोपली होती. संगमेश्वरला चहासाठी थांबलो तेव्हा करुणाने तिला उठवून पाहिलं. डोळे अर्धे उघडले आणि मिटले. जमिनीवर उभं केलं तर पोर गुडघ्यात दुमडली.

"झोपूंदे गो, गाडी तरी लागायची नाय," काकी म्हणाली.

करुणाने गाल थोपटले, दोनतीनदा हाका मारल्या. सानवी नुसती कण्हली. तेव्हा करुणाने सासूकडे पाहिलं. "आई, तुम्ही हिला काही दिलंत का?"

"दिली की. नेहमीची."

"मी पण औषध दिलं होतं."

चहाचा कप हातात धरून उभे असलेले सहदेवकाका तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मी पन."

चहा तसाच टाकून आम्ही जवळचा दवाखाना गाठला. वाटेत काकी सारखी पोरीच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघत होती. 

डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं. मग काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, सगळं विचारलं. करुणाने पर्समधली बाटली काढली, काकीने पिशवीतली डबी पुढे केली. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून बाई म्हणाल्या, "काकी, ही मोठ्या माणसांची गोळी आहे. मुलांचं औषध वजनावर ठरतं. मोडून बारीक केली म्हणून ती लहान मुलाची होत नाही. आणि दोन्ही औषधं झोप आणणारी, ती एकावर एक पडली. पोरगी उठेना म्हटल्यावर लगेच आणलीत, हे बरं केलंत." धोका टळेपर्यंत सानवीला तिथेच ठेवायचं ठरलं.

बाकीची मंडळी लग्नाला गेली, अमरदीप आणि करुणा आत पोरीपाशी थांबले. लाडक्या भाचीच्या लग्नासाठी घेतलेली नवी साडी नेसून काकी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. मी शेजारी होते. "माझ्याच हातानं," एवढंच ती म्हणायची आणि पदर तोंडाला लावायची. दुपार कलल्यावर सानवीने डोळे उघडले, पाणी मागितलं आणि नवरी कुठे आहे म्हणून विचारलं. काकी हसता हसता रडायला लागली. सहदेवकाकांनी बाहेर जाऊन ओळखपाळख नसलेल्या लोकांना पेढे वाटले.

करुणा वाकडा शब्द बोलली नाही. तेच काकीला लागलं. ती मंडळी मुंबईला निघाली तेव्हा काकीने नातीसाठी हात पुढे केले, तर "राहू दे आई," म्हणून करुणाने पोरीला कडेवरच ठेवलं. त्यानंतर कारखान्यात काकी मला एकच विचारायची. "ती पोर परत माझ्या हाती देईल काय गो?" 

डबी फळीवरून उतरली ती उतरलीच. आता कोणी पोराला घेऊन आलं की काकी फटकारते, "आधी डॉक्टरला दाखव, वजन कर. तो लिवून देईल तेवढंच द्यायचं. आणि तान्ह्याला तर इचारल्याबिगर कायच नाय." शिवाय तिने वाडीला नवी रीत लावली. ज्याने औषध पाजलं त्याने पोराच्या अंगठ्याच्या नखावर पेनाने रेघ मारायची, मतदानाला मारतात तशी. रेघ दिसली की दुसऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही. पोरं अंगठे नाचवत एसटीत चढू लागली. सहदेवकाकांच्या नखावर कायमचीच मारून ठेवा, म्हणजे बाटली उचलताना आठवेल, असं मी सुचवलं. ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत करुणा आणि सानवी आल्या. परत निघायच्या सकाळी करुणा बाटली घेऊन ओटीवर आली. "आई, आज तुम्ही पाजा."

काकी दचकली. "मी नाय. तूच दे."

"मोजून मी भरते. पाजा तुम्ही."

काकीने आधी नातीचा अंगठा निरखला. मग आमच्या सगळ्यांकडे वळून खड्या आवाजात विचारलं, "सकाळधरनं हिला कोणी काय दिलान?"

"बिस्कीट," सहदेवकाका म्हणाले.

"आनी?"

"चकलीचा तुकडा."

करुणा खळखळून हसली. काकीने टोपण उजेडात धरून त्यावरची खूण पाहिली, सुनेला दाखवली, आणि मग पाजलं.  नखावरची रेघ वाकडी आली, पण आली.

दुपारी करुणाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "आई, माणगावजवळ हिला उलटी झाली. आता बरी आहे, खिडकीत बसून गाणी म्हणतेय."

"परत औषद दिलं नायस ना?"

"नाही. डॉक्टरांना फोन केला. घोट घोट पाणी द्या म्हणाले."

काकीने फोन ठेवला, चपला घातल्या आणि पार वाडीच्या टोकाच्या बुद्धविहारापर्यंत घरोघर सांगत गेली, "आमची सानवी ओकली गो. ओकली, आनी जागी हाय."