मधेच गप्प झालेली एलपी
टेपचं हेड पुसायच्या स्पिरिटचा वास आला की बेळगावातलं माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान आठवतं. एका कॉलेजवाल्यानं मित्राकडून परदेशी रॉक बँडची नवी एलपी रेकॉर्ड आणून माझ्याकडून कॅसेटवर भरून घेतली. दुसऱ्या दिवशी एलपी काखेत मारून तो आला आणि भर गिऱ्हाइकांत त्यानं कॅसेट आपटली. "अण्णा, मधलं गाणंच न्हाय. झोपला हुतासा काय?" "माझ्या दुकानात असलं होत न्हाय! आण ती एलपी, लावूनच बघू!" मी ओरडलो खरा, पण भरताना मी आवाज बंद ठेवायचो, त्यामुळं खात्री मलाही नव्हती. ढणढणाट सुरू झाला आणि मधेच थांबला. तबकडी नुसतीच फिरत राहिली. सगळे माझ्याकडं बघत होते. माझंच मशीन बिघडलं की काय, म्हणून मी सुई तपासायला वाकलो. एवढ्यात स्पीकर फाटल्यासारखा आवाज आला आणि आम्ही सगळेच दचकलो. बँडनंच ती जागा मुकी ठेवली होती. "असंच हाय वाटतं," दारात पुटपुटून तो गेला. आरोप ओरडून आणि कबुली पुटपुटून, हा सौदा मला अजूनही मान्य नाही.