पास झालेला विनोद

दारूबंदीचे दिवस होते. मालवणजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो आणि जत्रेच्या नाटकात विनोदी काम माझ्याकडे असे. माझे प्रवेश मीच लिहायचो. नाटक करायचं तर आधी तालुक्याच्या कचेरीत लिखाण दाखवून परवानगी आणावी लागे. त्या वर्षी माझ्या प्रवेशात एक फौजदार काजूची दारू पकडतो आणि पुरावा तपासता तपासता स्वतःच झिंगतो. तालमीत लोक पोट धरून हसले होते.

कचेरीतल्या साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली. म्हणाले, "मास्तर, पोलिसांची टिंगल नको. सरकारची नको, देवाधर्माची नको. बाकी हवं ते लिहा."

जत्रा चार दिवसांवर आली होती. बाकी काय उरलं, याचा विचार करत मी घरी आलो.

गावातल्या बायका मुंबईतल्या नवऱ्यांना माझ्याकडून पत्रं लिहून घेत. त्यांतली एक वाडीच्या टोकाला राहायची. लग्नाला तीनच वर्षं झालेली. गाय, भात, सासूचा खोकला, सगळं सांगून झालं की ती दाराकडे तोंड फिरवून हळूच म्हणायची, "आणि लिवा, तुमची उशी अजून थंयच आसा." मी मान वर न करता लिहायचो, उशी अजून तिथेच आहे.

ते वाक्य मी नाटकात घातलं. पत्र वाचणारा गडी मी, हातात उशी. साहेब वाचताना खदखदून हसले. "झकास!" म्हणाले आणि शिक्का मारला. मला अभिमान वाटला. ती नाटकाला येईल हे सुचलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. जत्रेला सगळा गाव येतो.

लोक हसले. मी वाक्य पुन्हा म्हटलं, उशीला मिठी मारून. तेवढ्यात बायकांमधून ती उठली. बसून राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ती उठली आणि सगळ्यांना कळलं. मी तिला जाताना पाहिलं, आणि हशा अजून ओसरला नव्हता म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं.

मग बाजारात मासे घेतानाही तिला कुणीतरी विचारी, "काय गो, उशी बरी आसा मां?" माझ्याकडे ती परत आली नाही. हातात कोरं कार्ड घेऊन शाळेवरून पुढे जाताना दिसे. शेजारच्या गावातल्या चर्चच्या शाळेत एक ख्रिस्ती बाई शिकवायच्या, त्या आता तिची पत्रं लिहीत. भर उन्हात दीड कोस जायचं आणि तेवढंच परत यायचं. एकदाही मी हाक मारली नाही.

चतुर्थीला तिचा नवरा आला. त्यालाही कुणीतरी विचारलंच. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. आवाज चढवला नाही.

"मास्तर, माझ्या कागदातला नाटकात कसा इला?"

मी कपाटातून वही काढली, शिक्का दाखवला. कचेरीच्या मराठीत म्हणालो, "हे काल्पनिक आहे. सरकारने पास केलेलं आहे."

त्याने शिक्क्यावरून बोट फिरवलं. "सायबाक खंय म्हायत, उशी कोणाची ती," म्हणाला. "तुमका म्हायत होता."

त्याने वही माझ्याकडे सरकवली. तेव्हा तरी मला माफी मागता आली असती. मी वही कपाटात ठेवली.

विसर्जनानंतर तो तिला आणि आईला घेऊन मुंबईला गेला. गाय शेजाऱ्याकडे दिली. पुढे अनेक वर्षं बायका माझ्याकडे पत्रं सांगायला येत राहिल्या, गावात लिहिणारं दुसरं कोण होतं? पण सांगता सांगता मध्येच थांबत, माझ्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "ऱ्हवांदे मास्तर, ह्या लिवू नकात. पाऊस बरो आसा, इतक्याच लिवा." मी तेवढंच लिहायचो.