बेटावरच्या फ्लेमिंगोंची खरी गोष्ट

काल जळोचीच्या बाजारात मासळीवालीनं चिलापीची पाटी उघडली आणि उजनी धरणाच्या गाळाचा वास असा अंगावर आला, की मी भर दुपारी मनानं कैक वर्षं मागं, धरणाच्या पळसदेवच्या काठावर जाऊन उभा राहिलो.

त्या काळी मी सांगत सुटलो होतो, की धरणाच्या पाण्यातल्या बेटावर फ्लेमिंगो उतरले म्हणजे सूर्याला मावळायला जागा उरत नाही. आमचं अख्खं कळस गाव खुशीनं ऐकायचं. फक्त माझी बायको शांता पदर खोचत म्हणायची, "थाप मारल्याबिगर तुमाला भाकर पचत न्हाय." मग एका सकाळी तिला होडीत बसवलंच. एकदा तरी तिनं मला खरा म्हणावं, एवढाच हट्ट.

बेटावर उतरायला वनखात्याची बंदी. नावाड्यानं लांबच इंजिन बंद केलं आणि मला दटावलं, "दादा, हितं तोंड उघडायचं न्हाय. पाखरं बुजत्यात." माझं तोंड आणि बंद! जन्मात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाशिवायचं जग ऐकू आलं. तेवढ्यात सगळं बेटच गुलाबी होऊन आभाळात उठलं. शांतानं माझं मनगट घट्ट धरलं.

"आवं," ती कुजबुजली, "तुमी तर कमीच सांगितलं की."

शांता जाऊन आता बरीच वर्षं झाली. ही गोष्ट मी पारावर सांगतो, एक अक्षर न वाढवता. पोरं टाळ्या पिटतात. "आबा, आज लई मोठी सोडली!"

मीही हसतो. "खरं हाय ते," असं म्हणायला शेजारी कुणी नसतं.