न थांबणारा इशारा

प्रॅक्टिकल चालू असताना वंदनाच्या आईचा फोन आला. काकू कॉलेजच्या वेळेत कधी फोन करत नाहीत, म्हणून मी व्हरांड्यात आले. “वंदी गेली,” एवढंच त्या म्हणाल्या. फोन ठेवायचं त्यांना सुचलं नाही. पलीकडून बायकांचा कालवा ऐकू येत राहिला... चिखलीहून मी देऊळघाटला पोचले, तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

वंदना माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही दहावीत असताना तिचे वडील गेले. त्यांना दम लागायचा, पाय सुजायचे. गावात सगळे दमाच समजत होते. हृदय मोठं आणि ढिलं झालंय, हे शेवटी शेवटी कळलं. तिने पुढे पुण्यात जाऊन हृदयाच्या स्नायूपेशींवर संशोधन केलं, ते या मरणामुळेच. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे सुट्टीत आली की माझ्याशी ती भरभरून बोलायची. किनेज नावाची प्रथिनं हा तिचा विषय. आपण घाबरलो, धावलो की ही प्रथिनं पेशीतल्या दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात. तो इशारा मिळाला की कॅल्शियम जोरात आत येतं आणि हृदय जोराने आकुंचन पावतं. काम झालं की इशारा थांबायला हवा. दुबळ्या हृदयात मात्र एक किनेज चालूच राहतं, आणि आधीच थकलेली पेशी राबून राबून मरते. “बंदच होत नाही गं ते,” ती म्हणायची, “एवढंच बंद करता आलं पाह्यजे मले.”

तिचा धाकटा भाऊ सुरेश गावी शेती करायचा. लग्नानंतर वर्षभरातच त्याला पेरणीच्या दिवसांत धाप लागू लागली. तपासण्या झाल्या आणि वडिलांचाच आजार निघाला. हा आजार जनुकातल्या एका दोषामुळे होता. तो दोष वंदनातही सापडला; तिचं हृदय तेव्हा चांगलं होतं. त्याच सुमारास तिच्या प्रयोगशाळेत एका रेणूचा गुण दिसू लागला होता. उंदराच्या आजारी पेशींवर तो टाकला की ते किनेज शांत व्हायचं, अडखळणारे ठोके सरळ व्हायचे. सुरेशला ती पुण्याला घेऊन गेली. सूक्ष्मदर्शकातून त्याने काचेच्या बशीतल्या पेशी धडधडताना पाहिल्या. गावी आल्यावर कितीतरी दिवस तो त्याचंच बोलत होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण त्याची आशा त्या बशीवर होती.

जिवंत उंदरांवर मात्र तो रेणू उलटला. त्यांच्या ठोक्यांची लयच बिघडली, एकेक उंदीर मरत गेला, काम थांबवावं लागलं. हे फोनवर सांगायचं नाही म्हणून वंदना गावी आली. मी तिथेच होते. सुरेशने सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, “मंग त्या बशीतल्या काऊन बऱ्या झाल्या होत्या?” तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. पुढच्या उन्हाळ्यात मेहकरहून सासुरवाडीचं लग्न आटोपून येताना एसटीतच तो गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि वंदनाने लग्नच केलं नव्हतं.

त्यानंतर वंदनाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण आता जिने चढताना तिलाही थांबावं लागायचं. आपल्या पेशींत काय चाललंय, ते कोणत्या क्रमाने बिघडत जाणार, हे तिला आमच्यापेक्षा, कदाचित तिच्या डॉक्टरांपेक्षाही स्पष्ट दिसत होतं, आणि या दिसण्याचा काडीचा उपयोग नव्हता. हृदय बदलायच्या यादीत नाव लागलं, पण जुळणारं हृदय मिळालं नाही. शेवटी ती आईजवळ आली.

मी अधूनमधून भेटायला जायची. एकदा तिला धीर द्यायचा म्हणून मी म्हणाले की तू केलेलं वाया जाणार नाही, कोणीतरी पुढे नेईलच.

“नेतीन,” ती म्हणाली. “औषधही निंघन एखाद्या दिवशी. पन तवा आमच्या घरी ते घ्यायले कोन राह्यते?”

आता वर्गात हृदयाचा धडा आला की मी पोरांना पुस्तकातलं वाचून दाखवते आणि पुढे सरकते.

गेल्या रविवारी काकूंकडे गेले होते. समोरच्या खोलीत वंदनाची खाट तशीच आहे, उशाला एकावर एक रचलेल्या उशा. चादर धुवायची म्हणून मी त्या उचलायला गेले, तर काकूंनी माझा हात धरला.

“राहू दे बाई त्या,” त्या म्हणाल्या. “सपाट झोपली की तिले दम लागते.”