चिखलोलीला थांबलेली गाडी

मी माझ्या वहिनींचं स्टेशन टेबलावरून उतरवायला लावलं, आणि तेही चारचौघांसमोर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचा आनंद सांगताना मी ते गाळून टाकीन.

आम्ही पाच-सहा जण छोट्या रेल्वेचे वेडे. बदलापूरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरलं. टेबलांवर अंबरनाथ ते बदलापूर उभं करायचं आणि त्यावरून हातभर लांबीची लोकल पळवायची. अंबरनाथ माझ्याकडे, बदलापूर एका मित्राकडे. मधला तुकडा वहिनींनी मागून घेतला. दादा-वहिनी त्याच पट्ट्यात, चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहतात. तिथे स्टेशन होणार, होणार असं चाललंय. वहिनींनी ते करूनच टाकलं. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे फलाट, अगरबत्तीच्या काड्यांचे खांब, बाहेर नखाएवढ्या रिक्षांची रांग.

मी म्हणजे अंबरनाथच्या फलाटावरच्या फरशा मोजत फिरलेला माणूस. जे आहे तेच मापात उतरवायचं, हा माझा नियम.

"वहिनी, जे स्टेशनच नाही त्याचं मॉडेल कसलं? हे गणपतीचं मखर झालं."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. "तुमची लोकल तर दुकानातली आहे, भाऊजी."

"पण तिच्यावरची धूळ आणि गंज मी रंगवलाय," मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी स्टेशन जुन्या साडीत गुंडाळलं आणि घरी नेलं. त्या जागी मी गवत चिकटवलेली फळी बसवली.

प्रदर्शनाच्या सकाळी हॉल भरला. लोकल अंबरनाथहून सुटली आणि गवतातून सुसाट बदलापूरला गेली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात चार-पाच कुटुंबं आत आली आणि टेबलाभोवती वाकून काहीतरी शोधायला लागली.

"आमच्या बिल्डिंगमधल्या ताईंनी चिखलोली स्टेशन केलंय ना? कुठंय?" एका आजोबांनी विचारलं.

"काका, तिथे अजून स्टेशन नाही."

"ते आम्हाला सांगू नका. रोज रिक्षाने अंबरनाथ गाठतो आम्ही. म्हटलं, निदान इथे तरी गाडी थांबेल."

वहिनींनी अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण दिलं होतं आणि माझ्यामुळे त्या स्वतःच आल्या नव्हत्या. मी बाहेर येऊन फोन लावला.

"वहिनी, स्टेशन घेऊन या ना. नाहीतर मीच न्यायला येतो."

"कुठलं स्टेशन? ते मखर ना? विसर्जन झालं त्याचं."

मी रिक्षा केली. दादाने दार उघडलं आणि कपाटावर बोट दाखवलं. साडीतलं गाठोडं तिथेच होतं. वहिनी पायात चपला सरकवत म्हणाल्या, "तुम्ही नका धरू, रिक्षा तुटतील." सगळा रस्ता त्यांनी ते मांडीवर धरलं.

हॉलमध्ये माझी फळी निघाली, स्टेशन बसलं. रूळ किंचित खाली राहिले. पुठ्ठ्याची घडी घालून उंची साधणाऱ्यांची मी नेहमी टिंगल करतो. त्या दिवशी मीच घडी घातली. गाडीचं बटण वहिनींच्या हातात दिलं.

लोकल निघाली. पुठ्ठ्यावरून जराशी डुलली, सावरली आणि चिखलोलीच्या फलाटाला लागून थांबली. हॉलमध्ये असा गलका झाला की खालचा वॉचमन धावत वर आला. "आली, आपली गाडी आली!" म्हणत आजोबा नाचायचेच बाकी होते. बायका वाकून फलाटावर आपापली उभं राहायची जागा बोटाने दाखवत होत्या. संध्याकाळपर्यंत माझ्या अंबरनाथच्या फरशा कोणी मोजल्या नाहीत. आणि खरं सांगतो, मीही त्या दिवशी चिखलोलीच्याच बाजूला उभा होतो.

शेवटची फेरी झाल्यावर मी सगळ्यांना थांबवलं.

"वहिनी, तुम्हाला सगळ्यांसमोर हसलो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. माझी लोकल विकतची आहे. तुमचं स्टेशन खरं आहे. त्याला मखर म्हणालो, ते चुकलं माझं. मला माफ करा."