गव्हाणीतलं कोकरू

लग्नात बापानं भांडी कमी दिली आणि गाय दिली. सासूबाई दोन वर्षं तेच ऐकवत होत्या, चहात मात्र त्याच गायीचं दूध घालत होत्या. माझं माहेर कारंज्याकडचं, सासर मंगरूळपीरजवळच्या खेड्यात. एसटीनं फार लांब नाही, पण तेव्हा सुनेला माहेरी जायला सण लागायचा. जीव कासावीस झाला की मी गोठ्यात जाऊन गायीच्या मानेवर डोकं टेकवायची. तिच्या अंगाला आमच्या अंगणाचा वास येतो असं वाटायचं. खरं तर शेणाचाच यायचा.

दुसरा आधार धनगरणीचा. ज्वारी निघाली की तिची मेंढरं आठ-दहा दिवस आमच्या रानात बसायची. लेंड्यांचं खत आम्हाला, ज्वारी त्यांना. येताना ती माझ्या माहेरच्या शिवारातून यायची आणि आईचा निरोप आणायची. सांगताना हातही अगदी आईसारखे हलवायची, लबाड!

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या साली निघताना तिचं सहा-सात महिन्यांचं एक कोकरू लंगडत होतं.

“बाई, याले चालवत नाही. ठेव तुह्यापाशी, परततानी नेतो मी,” ती म्हणाली. मग गायीकडे पाहून हसली, “काय दूध देते वो तुही गाय! पाहूनच पोट भरलं.”

मी कोकरू गायीशेजारीच बांधलं. दोघांना एकच गव्हाण. ते चाऱ्यात नाक खुपसायचं, गाय त्याचं तोंड चाटायची, आणि मला कोण आनंद! माहेरची दोन माणसं पंगतीला बसल्यासारखी वाटायची.

दीडेक महिन्यानं गायीनं चारा सोडला. अंग तापलं, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडातून लाळ. डोळे कडेकडून दुधाळ होत गेले. मी समोर उभी असले तरी ती आवाजाच्या अंदाजानं मान वळवायची. कुणी पाला वाटून दिला, कुणी डाग दिला. सहाव्या दिवशी ती गेली. कोकरू मात्र ठणठणीत होतं.

“धनगरणीची नजर लागली,” सासूबाईंनी निकाल दिला.

“तिची नजर तशी नाही. काहून तिले बोलता तुमी?” मी पहिल्यांदाच उलट बोलले.

धनगरीण परतली तेव्हा सासूबाईंनी तिला तोंडावर सुनावलं. ती चांगली भांडखोर बाई. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. तिनं गायीच्या रिकाम्या खुंट्याला हात लावला.

“मी बोलली खरी, पाहूनच पोट भरलं म्हून,” एवढंच म्हणाली. कोकरू उचललं आणि माझ्याकडे न पाहता निघाली. पुढच्या साली मेंढरं दुसऱ्या वाटेनं गेली. आईचे निरोप बंद झाले.

फार वर्षांनी म्हैस तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरला मी सहज ते सगळं सांगितलं.

“आजी, तेव्हा गोठ्यात मेंढरू होतं का?” त्यानं विचारलं. मेंढराच्या अंगात एक आजार मुकाट राहतो, म्हणाला. मेंढराला काही होत नाही, पण त्याच्या नाकाच्या पाण्यातून गायीला लागला तर गाय सहसा वाचत नाही. तोच असावा.

गाय आठवते, आई आठवते, पण जीव तुटतो तो धनगरणीसाठी. ती आहे की गेली, कोण सांगणार? अजून ज्वारी निघाली आणि रस्त्यावर मेंढरांची धूळ दिसली की मी काठी टेकत बांधापर्यंत जाते. मला तिला एवढंच सांगायचं आहे, “बाई, तुही नजर नव्हती वो. कोकराले गायीच्या गव्हाणीवर मीच बांधलं होतं.”